शरफूभाईंची पाचवी ओव्हर

सहार विमानतळ

सहार विमानतळावर माझ्या हातात पेन दिसलं आणि माझी शाळा भरली.

देशाबाहेर जाणाऱ्या प्रत्येकाला तेव्हा एक कार्ड भरून द्यावं लागे. नाव, वडिलांचं नाव, पासपोर्टचा नंबर, पेशा, कुठे निघालात. मी माझं भरत उभी होते, तर शेजारच्या माणसाने अदबीने आपला पासपोर्ट पुढे केला. "मॅडम, जरा हमारा भी." त्याचं होईतो त्याच्यामागे दुसरा, दुसऱ्यामागे तिसरा. सत्तावीस वर्षं कऱ्हाडच्या शाळेत भूगोल शिकवलेला, त्यामुळे रांग दिसली की तिच्या तोंडाशी उभं राहायची सवय. मी सुटकेस आडवी टाकली, तिच्यावर बसले आणि अकरा जणांची कार्डं भरली.

पेशाच्या रकान्याशी येऊन प्रत्येक जण अडत होता. काय काम करता विचारलं की, "व्हिसावर काय आहे ते बघून लिहा," म्हणे. त्यात मालेगावचा एक मराठी बोलणारा गृहस्थ निघाला. आयुष्यभर माग चालवलेला, व्हिसावर मात्र गवंडी. मी म्हटलं, "अहो, तुम्ही विणकर. खोटं कशाला लिहायचं?" आणि तसं लिहायला लागले. त्याने माझ्या हातातून कार्ड काढूनच घेतलं.

"बाई, खरं लिहू नका. अडकवाल मला."

मी मुकाट्याने गवंडी लिहिलं. विमानात बसल्यावरही ते मनात टोचत होतं, कारण कॉपी करणाऱ्या पोराला मी वर्गाबाहेर काढते आणि इथे अकरा जणांना कॉपी पुरवून आले होते.

निघाले होते भाऊबिजेला. धाकटा भाऊ वसंत दुबईला जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि तेवढ्या भाऊबिजा टेलिफोनवर उरकल्या होत्या. सत्त्याण्णव सालच्या दिवाळीत त्याने तिकीटच पाठवलं. मी सुट्टीला आणखी थोडी रजा जोडली, अनारशांचा डबा पोटाशी धरला आणि तीन आठवड्यांसाठी गेले.

रास अल खोर

वसंत करामा भागात राहायचा. इमारतीच्या खाली उडपी, समोर केरळचा सोनार, कोपऱ्यावर जिलबी. परदेशी आलोय हे कळायला मला दोन दिवस लागले. फरक एवढाच की रस्त्यावर कुणी हॉर्न वाजवत नव्हतं आणि गार दुकानातून बाहेर पडलं की चष्म्यावर वाफ धरायची. मी प्रत्येक किमतीला दहाने गुणत होते. कोथिंबिरीची जुडी एक दिरहॅम, म्हणजे दहा रुपये, हे मी इतक्या मोठ्याने म्हणाले की माझी दहा वर्षांची भाची ऋजुता दुकानातच म्हणाली, "आत्या, प्लीज डोन्ट कन्व्हर्ट. इट्स एम्बॅरसिंग."

भाऊबीज झाली. मग वाळवंट दाखव म्हणून मी वसंतच्या मागे लागले. तो म्हणाला, "ताई, आधी माझं ऑफिस बघ. वाळवंट कुठे पळून जात नाही."

त्याची कंपनी बांधकामाचं सामान विकायची. रास अल खोर म्हणजे नुसती गोदामं, गॅरेजं, भाजीचे ठोक बाजार आणि डिझेलचा वास. वसंत तिथे मॅनेजर. ऑफिसात चहा झाला, त्याला कुणाचा फोन आला, आणि मी आपली एकटीच स्टोअर बघायला निघाले. छतापर्यंत फडताळं, त्यांत नळ, बिजागऱ्या, कड्या. दारातल्या खुर्चीवर एक उंच, काळासावळा माणूस बसून लाल चेंडूला पँटवर घासत होता. वय असेल पस्तीस-छत्तीस. मला पाहून तो उभा राहिला.

"साहेबांच्या ताई ना? या, बाई. मी शरफुद्दीन. हर्णैचा."

परमुलखात कोकणातली मराठी ऐकून मला बरं वाटलं. बोलायला काहीतरी हवं म्हणून मी विचारलं, "आमच्या शाळेच्या फळ्याचे स्क्रू सैल झालेत. दोन इंची पितळी इथे मिळतील का? कुठे असतात?"

त्यांनी फडताळांकडे एक नजर टाकली आणि शांतपणे म्हणाले, "मला नाही माहीत, बाई. मी स्टोअरकीपर आहे."

मी परत येऊन वसंतला हे सांगितलं तेव्हा तो हसत सुटला. "ताई, तो बोलर आहे. आमच्या टीमचा."

मग मला सगळं कळलं. इथल्या मोठ्या कंपन्यांच्या क्रिकेटच्या टीम असतात. शुक्रवारी सुट्टी, शुक्रवारीच सामने. मालकांना कपाची हौस, म्हणून चांगले खेळाडू भारतातून, पाकिस्तानातून नोकरीच्या व्हिसावर आणतात. पण बोलर नावाचा व्हिसा सरकार देत नाही. मग कंपनीकडे ज्या कामाची जागा शिल्लक असेल ते काम त्याच्या नावावर चढतं. आमच्याकडे साखर कारखाने पैलवानांना मानधन देतात तसंच हे, फक्त पैलवानाला कुणी कागदोपत्री फिटर करत नाही. शरफूभाई तेरा वर्षांत आठ कंपन्यांकडून खेळले होते. टीम मोडली की दुसरीकडे, कप हरला की तिसरीकडे. दुबई, शारजा, अजमान, परत दुबई.

"आणि आता?" मी विचारलं.

वसंतचा चेहरा जरा उतरला. "आता त्याचा व्हिसा महिनाअखेरी संपतोय. अरबाब म्हणजे आमचे मालक, त्यांनी सियालकोटचा एक नवीन फास्ट बोलर ट्रायलला आणलाय, तौफीक. जागा एकच आहे. पुढच्या शुक्रवारी फायनल. त्यानंतर कुणाला ठेवायचं ते मी लिहून द्यायचं."

करामा, शुक्रवार

फायनलच्या आदल्या शुक्रवारी सामना नव्हता. शरफूभाई सकाळीच देरा भागातल्या मासळी बाजारातून सुरमई घेऊन आले. इथे तिला कनाद म्हणतात. आम्ही कृष्णा-कोयनेच्या काठची माणसं, मरळ आणि वांब खाऊन वाढलेली. समुद्राच्या माशाकडे जरा संशयानेच बघतो. पण वसंतची बायको नीला म्हणाली, "ताई, शरफूभाईंच्या हातचं माशाचं सालन खाल्लं की तुम्ही कऱ्हाड विसराल." महिन्यातून एकदा ते असे येऊन स्वयंपाकघराचा ताबा घ्यायचे.

"शिकलात कुठे?" मी विचारलं.

"कुक होतो ना, बाई. चौथ्या कंपनीत. म्हणजे व्हिसावर. पण त्यांचा खरा कुक पळून गेला आणि कॅम्पची साठ माणसं जेवायला बसलेली. मॅनेजर म्हणाला, तुझ्या पासपोर्टवर लिहिलंय ना? मग यल्ला, कर. आईला आठवत आठवत केलं." ओलं खोबरं वाटत ते सांगत होते. "तेवढा एकच पेशा अंगाला लागला. बाकी मी टायर फिटर होतो, सुतार होतो, प्लंबर होतो. एक वर्ष न्हावी होतो."

"न्हावी?"

"मालकाच्या मेव्हण्याचं सलून होतं, तिथली जागा रिकामी होती. मी सलूनची पायरीसुद्धा चढलो नव्हतो. एके दिवशी फोन आला, तपासणीला साहेब आलाय, ताबडतोब ये. धावत गेलो. साहेब खुर्चीत बसलेला. म्हणाला, तू न्हावी ना, मग कर माझी दाढी."

कांदा चिरता चिरता नीला थांबली. ऋजुता टीव्ही सोडून दारात येऊन उभी राहिली.

"बाई, मी त्याच्या दोन महिने आधी हॅटट्रिक केली होती. तिसऱ्या बॉलला हात हलला नव्हता. पण तो वस्तरा धरला आणि माझा हात असा थरथरायला लागला. फेस लावला. परत लावला. तिसऱ्यांदा लावला. साहेब डोळे मिटून म्हणाला, किती फेस लावणार? मी म्हटलं, सर, आमच्या गावची पद्धत आहे. मग त्याने डोळे उघडले, आरशात माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, तू शुक्रवारी शारजाकडून बोलिंग टाकत होतास ना? मी म्हटलं, हो सर. तो उठला, स्वतःच तोंड पुसलं आणि गेला. जाताना म्हणाला, बोलिंगच कर, हबीबी."

"ओ माय गॉड," ऋजुता म्हणाली. "वॉज ही मॅड ॲट यू?"

"नाही गं बेटा. फॅन होता."

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसतानाच मला ते दिसलं. सालनाला मोठं पातेलं हवं होतं आणि ते वरच्या फळीवर होतं. उजव्या हाताने कुणीही सहज काढलं असतं. शरफूभाईंचा उजवा हात खांद्याच्या उंचीला गेला, थांबला, आणि इतक्या सफाईने डावा हात वर गेला की दुसऱ्या कुणाच्या लक्षात येऊ नये.

माझ्या आलं, कारण ती सफाई माझीही आहे. सत्तावीस वर्षं फळ्यावर नकाशे काढून माझा खांदा दोन वर्षं धरलेला होता. ब्लाउज घालताना दुखरा हात आधी घालायचा, केस विंचरताना डोकंच हाताकडे न्यायचं, हे सगळं मी केलंय. नीला ऋजुताला घेऊन बाहेर गेल्यावर मी हळूच विचारलं, "कधीपासून धरलाय?"

त्यांनी झारा खाली ठेवला. गॅस बारीक केला.

"गेल्या सीझनपासून. रोज सकाळी अर्धा तास गरम पाणी, मग तेल. तेवढं केलं की चार ओव्हर जातात, बाई. चांगल्या जातात. वेग पूर्वीच संपला, पण बोटं आहेत. वय झालं की बोटं कामाला येतात. मॅटवर बॉल कापला की आत येतो."

"आणि पाचवी?"

"पाचवीला हात वर येत नाही." मग ते दाराकडे बघून म्हणाले, "साहेबांना सांगू नका. मुलगी दहावीला आहे. तेरा वर्षांत तिला सहा वेळा बघितलंय मी. तिचं कॉलेज मार्गी लागेपर्यंत दोन वर्षं मिळाली तर पुरे. मग खलास."

मी मान हलवली. मी कुणाची गुपितं सहसा ठेवत नाही. आमच्या शिक्षकांच्या खोलीत माझी त्याबद्दल ख्याती आहे. हे मात्र ठेवलं. त्यांना भिंतीजवळ उभं केलं आणि आमच्या डॉक्टरांनी मला शिकवलेला व्यायाम शिकवला. भिंतीवर बोटं टेकवायची आणि मुंगीसारखी एकेक बोट वर चढवायची. जिथे दुखेल तिथे थांबून दहा अंक मोजायचे. खुणेला पेन्सिलीची रेघ मारायची. दुसऱ्या दिवशी रेघ ओलांडायची.

सालन अप्रतिम होतं. कऱ्हाड विसरले नाही, पण तांदळाच्या चार रोट्या खाल्ल्या.

अल बर्शा, गुरुवार संध्याकाळ

आठवड्यात मी बाकीची दुबई पाहिली. खाडीतून अब्रा नावाच्या होडीतून फिरले, सोन्याच्या बाजारात नुसतीच फिरले, आणि वाळवंट पाहिलं, जे भूगोलाच्या पुस्तकातल्यापेक्षा तांबडं निघालं. पण जीव अडकला होता त्या खांद्यात. वसंत एकदा रात्रीच्या जेवणानंतर म्हणाला, "ताई, तू माणसं बरोबर ओळखतेस. शरफूबद्दल काय वाटतं तुला? अजून दोन वर्षं जाईल?" मी म्हटलं, "मला मेलीला क्रिकेटमधलं काय कळतंय." सख्ख्या भावाशी मी खोटं बोलले आणि दह्याचं भांडं उचलून आत गेले.

गुरुवारी अर्धा दिवस असतो. संध्याकाळी वसंत मला आणि ऋजुताला मैदान दाखवायला घेऊन गेला. अल बर्शाला आता उंच इमारती आहेत, मेट्रो आहे असं ऋजुता कळवते; तेव्हा तिथे वाळू होती आणि वाळूत चार झुडपं. त्या वाळूच्या मधोमध सिमेंटची एक पट्टी, तिच्यावर काथ्याची मॅट ताणून खिळ्यांनी ठोकायची, झाली खेळपट्टी. गवताचं पातं नाही. जोरात मारलेला चेंडूसुद्धा वाळूत थोडं पळून रुतून बसतो.

शरफूभाई आमच्या आधीच पोहोचले होते. बाजूला पाण्याचे चार मोठे कॅन. ते एका डब्याने वाळूवर पाणी शिंपडत होते, पट्टीच्या टोकापासून मागे अठरा पावलं, सरळ रेषेत, आणि फळीने दाबत होते. मला नवल वाटलं. भर वाळवंटात माणूस वाळूला पाणी घालतोय. जवळून बघावं म्हणून मी तरातरा चालत गेले आणि मध्येच उभी राहून विचारलं, "हे कशासाठी?"

"बाई," ते म्हणाले, "खाली बघा."

मी त्यांच्या ओल्या रस्त्यावरून चालत आले होते. चपलांचे नऊ ठसे. सारवलेल्या अंगणातून चिखलाच्या पायांनी गेलेल्या पाहुणीची जी गत होते ती माझी झाली. ऋजुताने कपाळाला हात लावला.

ते रागावले नाहीत. फळी घेऊन एकेक ठसा बुजवत, वर पाणी शिंपडत त्यांनी सांगितलं, "कोरड्या वाळूत धावलं की पाय रुततो, गुडघा जातो. आदल्या संध्याकाळी पाणी घातलं की रात्रीच्या दवाने घट्ट धरते. सकाळी सिमेंट. आठही कंपन्यांत माझा रनअप मीच भिजवला. माळी ठेवलेत हल्ली, पण त्यांना कुठे पाय टाकायचेत."

दूरवर एक लांब हातापायांचा बावीस-तेवीस वर्षांचा तरुण कोरड्या वाळूतून धावत येऊन एकट्या स्टंपवर चेंडू फेकत होता. तोच तौफीक. शरफूभाईंनी दोन कॅन पाणी संपवलं, मग उरलेले दोन उचलून त्याच्या बाजूला गेले आणि त्याचा रनअप भिजवायला लागले. वजन डाव्या हातात होतं.

मी विचारलं, "भिंतीवरची रेघ?"

"दोन बोटं वर गेली, बाई."

अल बर्शा, शुक्रवार

सामना सकाळी सातला सुरू, कारण दुपारच्या नमाजाआधी संपवायचा. पंचवीस ओव्हरचा डाव, एका बोलरला जास्तीत जास्त पाच. हे सगळं ऋजुताने मला इंग्रजीत समजावलं. तंबूत आम्ही बायका, इडल्या, चहाचे थर्मास. मधल्या खुर्चीवर अरबाब, पांढऱ्याशुभ्र पायघोळ कंदुऱ्यात, शेजारच्याला खजूर देत.

आमच्या टीमने एकशे चौतीस केल्या. समोर शारजाच्या एका कंपनीची टीम. तौफीकने पहिल्या तीन ओव्हरमध्ये इतका मार खाल्ला की कॅप्टनने त्याला लांब सीमेवर नेऊन उभं केलं. शरफूभाईंनी मात्र चार ओव्हर टाकल्या त्या मी जन्मात विसरणार नाही. मला क्रिकेट कळत नाही, पण काम कळतं. ओल्या रस्त्यावरून अठरा पावलं, प्रत्येक पाऊल कालच्याच जागी, आणि सोडताना मनगटाचा असा एक झटका की चेंडू मॅटवर पडून फलंदाजाच्या पोटात शिरायचा. तीन विकेट. अरबाब प्रत्येक वेळी खजूर तसाच हातात धरून उभे राहायचे.

शेवटची ओव्हर उरली. दहा धावा हव्या, दोन गडी बाकी. कॅप्टनने चेंडू शरफूभाईंकडे टाकला. वसंत माझ्या कानाशी म्हणाला, "झालं. आता जिंकतोच. आणि ताई, हा टाकून देतो ना, की मी आजच त्याचं नाव लिहून देतो."

माझ्या हातातला चहा गार झाला. पाचवी ओव्हर. अख्ख्या मैदानावर ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

शरफूभाई त्यांच्या रस्त्याच्या टोकाला जाऊन उभे राहिले. चेंडू पँटवर घासला. उजवा हात हळूच वर नेला, अर्धा, आणि थांबले. मला ती पेन्सिलीची रेघ दिसली. मी मनात दहा अंक मोजले. मग ते वळले आणि चालत चालत थेट सीमेकडे गेले, जिथे तौफीक उभा होता. त्याच्या हातात चेंडू ठेवला. खांद्यावर डावा हात टाकून काहीतरी बराच वेळ सांगत त्याला घेऊन आले, आणि समोरच्या बाजूने टाकणाऱ्या त्या मुलाला आपल्या ओल्या रस्त्यावर उभं केलं.

"हे काय करतोय हा?" वसंत उठून उभा राहिला.

तौफीकने पहिला चेंडू एकदम हळू टाकला. फलंदाजाला तो वेगात येईल असं वाटलं, बॅट आधी फिरली, झेल उडाला, एक गडी बाद. दुसऱ्यावर चार. मग एक. मग काही नाही. मग एक. प्रत्येक चेंडूनंतर शरफूभाई त्याच्याजवळ जाऊन दोन शब्द बोलत होते. शेवटच्या चेंडूवर चार हव्या होत्या.

तो फटका शरफूभाईंच्या डोक्यावरून गेला आणि मागे वाळूत रुतला. ते धावले, चेंडू उचलला. फलंदाज दोन पळून तिसरीसाठी वळले. सगळा तंबू ओरडत होता, "थ्रो, शरफूभाई, थ्रो." त्यांनी फेकला नाही. चेंडू घेऊन ते स्वतःच धावत आले, छत्तीस वर्षांचा माणूस कोरड्या वाळूतून पाय उपसत, आणि अंग झोकून डाव्या हाताने स्टंप पाडले. फलंदाज हातभर लांब होता. एका धावेने आम्ही जिंकलो.

सगळे नाचायला लागले. अरबाब मात्र हळूहळू चालत त्यांच्याजवळ गेले. हिंदीत विचारलं, "शरफू, बॉल फेंका क्यों नहीं?"

"अरबाब," शरफूभाई उजवा खांदा धरून म्हणाले, "हाथ खलास."

आम्ही गाडीत बसून परत निघालो. मग वसंत म्हणाला, "ताई, तुला ठाऊक होतं."

"होतं."

"मला सांगितलं असतंस तर मी काहीतरी बघितलं असतं."

"काय बघितलं असतंस? तू नाव कुणाचं लिहिलं असतंस?"

मला त्याची कीव आली, स्वतःचीही आली. मी म्हटलं, "अरे, मग त्यांना खरोखरचा स्टोअरकीपर कर ना. जागा आहे, माणूस आहे."

"मैदानावरच विचारलं मी, ताई. अरबाबनाही पटवलं असतं. शरफूच म्हणाला, साहेब, स्क्रू कुठे असतात तेसुद्धा मला माहीत नाही. खऱ्या स्टोअरकीपरचं पोट कशाला मारू?"

परत

तौफीकला जागा मिळाली. आठवड्याभरात शरफूभाईंचा व्हिसा रद्द झाला आणि वसंतने त्यांचं तिकीट माझ्याच विमानाचं काढलं, माझ्या सामानाला सोबत म्हणून. खरं तर त्याला त्यांच्या डोळ्यांना डोळा भिडवता येत नव्हता. विमानतळावर तो सगळा वेळ माझ्या बॅगेचं कुलूप तपासत होता. शरफूभाईंचा उजवा हात गळ्यातल्या झोळीत होता.

विमानात ते खिडकीशी, मी शेजारी. वाळवंट मागे गेलं, समुद्र सुरू झाला. मी फायनलपासून पोटात ठेवलेला प्रश्न विचारला. "टाकून का नाही बघितली हो पाचवी? कुणी सांगावं, सहा चेंडू निभावले असते."

"निभावले असते तर दोन वर्षं मिळाली असती," ते म्हणाले. "पण बाई, कागदावर माझं सगळं खोटंच होतं. बोलिंग तेवढी खरी. हात नसताना ती टाकायची म्हणजे तीही खोटीच झाली."

"मुलीला काय सांगाल?"

"ती खूश आहे. बाबा येतोय म्हणून. तिला कप काय माहीत." ते जरा हसले. "कॉलेजचं बघू. मासळी आहे, हात एक आहे अजून."

मग हवाई सुंदरी मुंबईला उतरणाऱ्यांची कार्डं वाटत आली. मागच्या सीटवरून एक पासपोर्ट पुढे आला, "मॅडम, जरा," आणि माझी शाळा पुन्हा भरली. सात कार्डं भरली. सुतार, हेल्पर, ड्रायव्हर, हेल्पर. कुणालाही प्रश्न न विचारता पासपोर्ट बघून लिहीत गेले. शिकते मीही.

शेवटी शरफूभाईंचं घेतलं. एरवी त्यांनी स्वतःच भरलं असतं. अक्षर चांगलं होतं, पण हात झोळीत. नाव लिहिलं, वडिलांचं नाव, पासपोर्ट नंबर. पेशाच्या रकान्याशी पेन थांबलं. पासपोर्टात स्टोअरकीपरच्या व्हिसावर रद्दचा शिक्का होता.

"काय लिहू?"

ते त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत राहिले. "टायर फिटर पण संपला, कुक पण संपला," ते पुटपुटले. "मोकळं सोडलं तर?"

"मोकळं चालत नाही."

विमान खाली उतरायला लागलं होतं. त्यांनी मान माझ्याकडे वळवली आणि आवाज अगदी बारीक करून विचारलं, "बाई, खरं लिहिलं तर चालेल का?"

मी इंग्रजीत, सगळ्यात सुबक मोठ्या अक्षरांत, फळ्यावर लिहिते तसं लिहिलं, बोलर. त्यांनी कार्ड डाव्या हातात घेतलं, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि उतरेपर्यंत ते खिशात ठेवलं नाही.

सहारच्या रांगेत ते माझ्या पुढे होते. काउंटरवरच्या अधिकाऱ्याने पासपोर्ट उघडला, शिक्का मारला, कार्डावरही मारला, आणि ते न वाचताच शेजारच्या गठ्ठ्यावर टाकलं. मला वाईट वाटलं. एवढ्या सुबक अक्षरात लिहिलेलं, त्याने निदान वाचायचं तरी. माझा शिक्का झाल्यावर मी बाहेर आले, तर शरफूभाई खांबाशी उभे राहून मागे त्या काउंटरकडेच बघत होते.

"त्यांनी कार्ड ठेवून घेतलं, बाई."

"ठेवतातच ते," मी म्हटलं.

"म्हणजे सरकारजवळ राहिलं," ते म्हणाले आणि माझी सुटकेस डाव्या हाताने उचलून चालायला लागले.